काकवी

"वैजूला घरी आणखी काही देता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

गुऱ्हाळावर गूळ शिजवणाऱ्या बापाने पिशवीतून काकवीची बाटली काढून कौतुकाने पुढे केली. थॅलेसेमिया म्हणजे लेकीच्या अंगात रक्त टिकत नाही, एवढंच त्याला उमगलं होतं. म्हणून रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या कुटून तो रोज काकवीतून तिला चाटवायचा; तेही त्याने सांगितलं.

 बाई हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, तिला रक्त चढवलं की त्याबरोबर लोह अंगात जातंच. ते बाहेर काढायलाच तर आपलं औषध आहे. आता ते तिच्या हृदयात साठलंय."

त्याने बाटली पिशवीत ठेवली. झाकण घट्ट होतं, तरी पुन्हा आवळलं.

वॉर्डात रक्ताची नळी लावलेली वैजू वाटच बघत होती. "आबा, माझी काकवी कुटं हाय?"

"संपली, बाळा. गुऱ्हाळ बंद झालं."

तिने त्याची बाही ओढून नाकाशी धरली आणि डोळे मिटून वास घेतला.

"मग ह्यो वास कसला, आबा?"