नंबर कोण वाटतंय?

घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला नेटवर्कवरचा ओळख नंबर, म्हणजे आयपी ॲड्रेस, आपोआप वाटायचं काम आतल्या खोलीतल्या कपाटातल्या सर्व्हरचं. पण आठवडाभर दुसरंच काहीतरी भलते नंबर वाटत होतं आणि ताईचे ऑफिसचे कॉल धडाधड तुटत होते. आज भर दुपारी साहेबांनी तिला सगळ्यांदेखत झापलं.

"तूच गुपचूप दुसरा राऊटर लावलायस!" ती धाकट्या भावावर कडाडली.

"नाही गं, शपथ!"

"शपथा नकोत. बंद कर सगळं."

तोही पेटला. त्याने सर्व्हर बंद केला, राऊटरची पिन उपटली, शेवटी मेन स्विचच पाडला. पंखा थांबला. ताईने लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. आता लॅपटॉपला एकच वायर उरली होती, आतल्या खोलीतल्या सर्व्हरकडे जाणारी.

तिने लॅपटॉपवरून नवा नंबर मागितला. नंबर आला.

"अरे, वायर कोण काढणार?" ती आतल्या खोलीकडे बघत ओरडली.

"कधीच काढलीय! तुला माझं कधी खरं वाटणार आहे का?" तो तणतणत बाहेर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. वायरीचं सर्व्हरकडचं मोकळं टोक त्याच्या मुठीत होतं.

तिने त्याच्या मुठीकडे बघतच पुन्हा मागितला. लगेच आला.

आठवडाभर ती याला उगाच बोलत होती. आपल्या या चुकीचाही तिला संतापच आला.

"टाक ती खाली!" ती किंचाळली. "टाक म्हणते ना!"

त्याने मूठ उघडली.

वायर पडली नाही. त्याच्या छातीसमोर हवेतच ताठ राहिली, कशात तरी घट्ट खोचल्यासारखी.