श्वास धरल्यावर

हौसाची आय लग्नात धवला, एकेका विधीचं गाणं, गायची, तेव्हा अख्खा मांडव गप्प व्हायचा. आयला जाऊन वर्षं लोटली होती.

"मावशी, श्वास धरा," स्पीकरवरून मशीन चालवणारी रेवा म्हणाली. छातीच्या कॅन्सरवरची किरणं काळजाला लागू नयेत म्हणून हौसाने छाती भरून घेतली.

मशीन फिरलं आणि आयने रोजच्यासारखा धवला धरला. हळदीचा आधीच्या दिवसांत झाला होता, अंतरपाटाचाही. हलायचं नाही, श्वास सोडायचा नाही. हौसा नुसती ऐकत पडली. आज पाठवणीचा धवला होता.

जाड दाराबाहेर नवरा, बळीराम, बसला होता. बाहेर आलेल्या हौसाचा चेहरा बघून त्याने विचारलं,

"मशीनशी भांडून आलीस काय गो?"

"नाय. कायच नाय."

त्याने तिचा हात घट्ट धरला.

"खोटा नको बोलू, हौसे. मलापन आयचा धवला रोज ऐकू येतो. आज आयनी तुला तिच्या उंबऱ्याभायेर काढली, माज्या घरा धाडली."