मोज्यातली खडी

प्रल्हादरावांना नातीच्या फिशटँकला हात लावायची दोन वर्षांपासून बंदी होती. त्यांनी झाकण उघडं ठेवलं म्हणून आपली लाडकी, खडीत दडणारी गांडुळासारखी पट्टेरी मासोळी उडी मारून बाहेर पडली, असं निधीचं म्हणणं. मेलेली मासोळी मात्र कुणालाच सापडली नव्हती. आज निधी टँकमधली जुनी खडी उपसून महानदीची वाळू भरणार होती. आजोबा दुरूनच पाहत होते. पण तिनं मूठभर खडी त्यांच्याच मोज्यात भरली, तेव्हा त्यांना राहवेना. "फेकायची खडी काहून भरून राहिली वं?" "इसमें अच्छे बैक्टीरिया हैं, आजोबा. नए पानी में लटकाऊँगी." तेवढ्यात मोजा हलला. दोघंही वाकली. निधीनं मोजा उघडला, तर खडीतून पट्टेरी शेपूट वळवळलं. म्हणजे दोन वर्षं बाईसाहेब दिवसभर खडीतच दडून होत्या! निधीनं मोजा आजोबांच्या हातात दिला. "आप ही छोड़ो इसे."