पाक्स वोबिस्कुम

म्हातारे फादर चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, मिस्सेत, जुन्या सवयीने लॅटिनमधून 'पाक्स वोबिस्कुम' म्हणायचे, आणि सगळे शेजारच्याचा हात हातात घ्यायचे. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता.

अठ्ठ्याण्णव साली नवे फादर आले. त्यांनी ते मराठीत आणलं, 'तुम्हांला शांती लाभो', आणि हस्तांदोलन बंद करून आपला नमस्कार सुरू केला. सगळ्यांना पटलं. फक्त गडमुडशिंगीच्या मार्थाबाई यायच्या बंद झाल्या.

फादर त्यांच्या घरी गेले, दारातूनच हात जोडले. "मावशी, येत का नाही? आता तर अर्थही कळतो!"

"व्हय, कळतोय की. पण फादर, मालक गेल्यापास्नं आठवड्यातनं तेवढं एकदाच कुणीतरी माझा हात हातात घेत हुतं."