भरदुपारची दुर्बीण

सकाळपासून बायको घर आवरत होती आणि माझा एकेक छंद देऊन टाकायच्या ढिगात जात होता. रंगपेटी गेली, बासरी गेली. दुर्बिणीला हात लागताच मात्र चिडलो. “ही द्यायची नाही!” “शाळेचा शिपाई दुपारी न्यायला येतोय. गच्चीचा जिना चढता येतो का आता तुम्हाला?” “येतो!” म्हणत दुर्बीण उचलून रागारागात गच्ची गाठली. वर रणरणतं ऊन. धापा टाकत मागोमाग बायको आली, काखेत दुर्बिणीचा स्टँड. “हा विसरलात. भरदुपारी काय बघणार, माझं कपाळ?” मलाही धाप लागली होती. दोघं टाकीच्या सावलीत बसलो. खालून हाक आली, “काका, दुर्बीण न्यायला आलोय!” “उतरा,” ती म्हणाली. “तू उतर.” “माझे गुडघे काय विशीतले आहेत?” हाका थांबल्या. मग तिनेच विचारलं, “अंधार किती वाजता पडतो हो?”