गच्चीवरचे टोमॅटो

सासऱ्यांनी टोमॅटोच्या चकत्यांवर मीठ भुरभुरवलं आणि ताटली स्वतःपुढे ओढून घेतली. समोर सून बसली होती. तिला पाचवा महिना होता. तिच्या ताटातले टोमॅटो बाजारातले होते.

“फवारलेलं अन्न म्हणजे विकतचं दुखणं,” सासरे चकती तोंडात टाकत म्हणाले. “मातीला जपलं की माती आपल्याला जपते.”

सुनेने घास गिळला आणि रागही गिळला. तीस वर्षं या माणसाने कीटकनाशकांचं दुकान चालवलं होतं. गिऱ्हाइकाने लेबल निघालेली बाटली आणली, की हे नुसतं बूच हुंगून औषधाचं नाव सांगायचे. दुकान बंद केलं आणि उपरती झाली. गच्चीवर वाफे केले, खत घरीच कुजवलं, आणि दिसेल त्याला सेंद्रिय अन्नाचं महत्त्व पटवायला लागले. टोमॅटो मात्र कुणाला एक देतील तर शपथ. शेजारी मागून मागून थकले. सासूबाईंची सांधेदुखी, त्यामुळे त्या टोमॅटोला हात लावत नसत. नवरा नोकरीसाठी परगावी. राहिली सून. तिच्यासाठी सासरे पिशवी घेऊन बाजाराच्या पार टोकाला जायचे आणि एका तिरसट म्हातारीकडची, तिच्याच शेतातली भाजी आणायचे. त्या म्हातारीशी त्यांचं कधीच पटलं नव्हतं. तीस वर्षांत तिने त्यांच्या दुकानाची पायरी चढली नव्हती.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, सून मनात म्हणाली. नातवंडापेक्षा यांना टोमॅटो प्यारे, हे तिला फार लागलं होतं.

तिची नोकरीच अशी होती, की हिशेब चुकता करणं सोपं होतं. भाज्यांमध्ये फवारणीचे अंश किती उरलेत हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करायची. सोमवारी तिने गच्चीवरचे चार टोमॅटो आणि स्वयंपाकघरातल्या टोपलीतले बाजारचे चार, असे पर्समध्ये घातले. नमुन्यांवर नाव न घालता नुसता आकडा टाकायची तिथली पद्धत. एकशे चार म्हणजे गच्ची, एकशे पाच म्हणजे बाजार. दोन्हींत काडीचा फरक निघणार नाही अशी तिची खात्री होती. तो कागद जेवताना हळूच त्यांच्या ताटलीशेजारी ठेवायचा, एवढाच बेत.

फरक निघाला. एकशे पाचमध्ये काहीही नव्हतं. एकशे चारमध्ये मर्यादेच्या सहापट औषध होतं. आकड्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिने नमुने पुन्हा लावले. पुन्हा तेच. आधी तिला हसू आलं. मग आठवलं, की हा माणूस हे रोज खातोय. हसू जिथल्या तिथे विरलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासरे फिरायला गेले होते. सासूबाई भांडी विसळत होत्या.

“आई, बाबा चोरून फवारणी करतात. आणि तेच टोमॅटो रोज खातात.”

सासूबाईंनी नळ बंद केला. “ते नाही गं,” त्या म्हणाल्या. “मी.”

सून स्टुलावर बसली.

“पहिल्या वर्षी सगळं अळ्यांनी खाल्लं. तेव्हा तू या घरात आली नव्हतीस. महिनाभर हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. म्हणायचे, एवढी वर्षं विष विकलं, आता माती मला काही देणार नाही. जेवण सुटलं. मग मी दुकानातली उरलेली बाटली माळ्यावरून काढली. रोज पहाटे, हे उठायच्या आत, वर जायची. टोमॅटो धरले आणि माणूस उठून बसला.” त्या थांबल्या. “मला वाटलं, तीस वर्षं त्याच वासात काढली, एवढ्याशाने काय होणार आहे त्यांना?”

काय होऊ शकतं ते सुनेने सांगितलं. सासूबाईंनी ओले हात पदराला पुसले.

“बंद करते. आजपासून. पण त्यांना कळू देऊ नकोस. पुन्हा भिंतीकडे तोंड करतील.”

दोघींनी झाकली मूठ झाकलेलीच ठेवली. बाटली सुनेने प्रयोगशाळेच्या विषारी कचऱ्यात टाकली. झाडावर होते तेवढे टोमॅटो सासूबाईंनी तोडून फेकले आणि नाव पाखरांचं पुढे केलं. सासऱ्यांनी पाखरांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दीड महिन्यात अळ्या आल्या. पानांची चाळण झाली. एका दुपारी सासरे गच्चीवरून एकच टोमॅटो घेऊन खाली आले. वेडावाकडा, एका अंगाला भोक पडलेला. ते जेवायला बसले आणि त्यांनी तो सुरीने कापला. आत अळी वळवळत होती.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. आता भिंत, सुनेला वाटलं.

सासऱ्यांनी टोमॅटो नाकाशी नेला आणि सावकाश हुंगला, पूर्वी बाटलीचं बूच हुंगायचे तसा. अळीला सुरीच्या टोकावर घेऊन खिडकीबाहेर सोडलं. किडका भाग काढून टाकला. उरलेल्याचे दोन तुकडे केले आणि त्यातला मोठा सुनेच्या ताटात ठेवला.

“घे, सूनबाई. आता तू खायला हरकत नाही.”

मग ते बायकोकडे वळले. “बाटली संपली वाटतं एकदाची. बरं झालं. पहाटे जिना चढताना तुझे गुडघे इतके वाजायचे, की मला झोपेचं सोंग घेणं अवघड व्हायचं.”