खुणेचं पिंप
बुडालेल्या जहाजातलं सोनं कप्तान तीस वर्षं शोधत होता, आणि मेहुणा होडी घेऊन शेपटासारखा मागे. ज्याच्या हाताला आधी लागेल, त्याचं जहाज, असा पाणबुड्यांचा रिवाज. शेवटी कप्तानानं मेहुण्याची जिरवायचं ठरवलं. डोळे मिटून भलत्याच जागी खुणेचं लाल पिंप सोडलं आणि बायकोशेजारी डेकवर ऐटीत बसला. मेहुण्यानं लगेच तिथेच बुडी मारली. कप्तानाला हसू आवरेना. घटकाभरानं मेहुणा वर आला, तो गळ्यात सोन्याच्या साखळ्या आणि डोक्यावर चक्क मुकुट घालून. “भाऊजी, सापडलं! तुमची खूण अगदी नेमकी! पण एवढं ठाऊक होतं, तर स्वतः का नाही उतरलात?” कप्तान कसंबसं हसला. “म्हटलं, बायकोचा धाकटा भाऊ, पहिला मान तुझा!” लग्न झाल्यापासून प्रथमच बायकोनं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं, त्यामुळे बिचाऱ्याला धड रडताही येईना.